दारूबंदीतलं वापल

"मडकं बाहेर काढा भाऊ, नाई तं आमी आत येतो!"

फाटकाबाहेर दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षबाई ओरडत होत्या. त्यांच्यामागे मंडळाच्या अकरा बाया, बायांच्या मागे अर्धं आरमोरी आणि त्यांच्यामागे उरलेलं अर्धं. सकाळी साडेसातला गावात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. भाऊंच्या घरातून मोहाचा असा वास सुटला होता की मधल्या कुंपणावरचा सरडा माझ्या डोळ्यांदेखत दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा त्याने चढायचा विचारच सोडला.

आतून भाऊंचा शांत आवाज आला, "थांबा बाई. मोजून राह्यलो."

भाऊ माझे शेजारी. आमच्यात एकच कुंपण, तेही बेशरमाच्या झुडपांचं. लाकडाच्या सरकारी डेपोत सारी उमर त्यांनी सागाच्या ओंडक्यांची मापं घेतली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. टेप परत मागायचं मात्र कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून तो त्यांच्या खिशात. "मोजल्याबिगर बोलाचं नाई" हे त्यांचं ब्रीद. तुम्ही म्हणाल भोपळा मोठा झाला, ते म्हणणार, "घेर सांगा." स्वतःच्या पोरीच्या लग्नात वरमाला आखूड वाटली म्हणून भर मांडवात त्यांनी जावयाच्या मानेचा घेर घेतला होता. एकदा वडशाच्या रस्त्यावर वाघ आडवा आला, तेव्हा भाऊ त्याला म्हणाले, "जरासा सरळ उभा राय." वाघ ओशाळून जंगलात गेला. हे मला भाऊंनीच सांगितलं. माप न घेता बोलण्याची त्यांची ही एकच वेळ, म्हणून मी विश्वास ठेवला.

तर हे मडकं आलं कुठून, ते आधी सांगतो.

त्या वर्षी माघात वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, ताप आला. पंधरा दिवसांनी ताप गेला, पण जाताना भूक सोबत घेऊन गेला. दोन घास झाले की वहिनी ताट सरकवायच्या. "पुरे." डॉक्टर म्हणाले, काहीही द्या, पण पोटात गेलं पाहिजे, नाहीतर भरती करावं लागेल. भाऊंनी त्यांच्या दंडाला टेप लावला. रोज सकाळी लावायचे. आकडा कुणाला सांगायचे नाहीत, आणि तेवढ्यावरूनच आम्हाला कळायचं.

मग तपासणीसाठी त्यांना नागपूरला लेकीकडे नेलं. तिथे लेकीने नाश्त्याला विजेच्या मशीनवर वॉफल केलं, चौकड्यांच्या ठशाचं जाड धिरडंच म्हणा. वर केळ्याच्या चकत्या. वहिनींनी त्यातलं अर्धं खाल्लं आणि म्हणाल्या, "बरं आहे."

बस्स. या दोन शब्दांवर भाऊ जसे पेटले, तसा वणवाही पेटत नाही. लेक म्हणाली, बाबा, मशीन घेऊन जा. भाऊ म्हणाले, आपल्याकडे उन्हाळ्यात वीज पाहुण्यासारखी येते, तिच्या भरवशावर बाईचा नाश्ता ठेवू का? त्यांनी मशीन उघडलं, एकेका चौकडीची लांबी, रुंदी, खोली वहीत उतरवली आणि गावात येऊन लोहाराला दिली. लोहाराने आठ दिवसांत लोखंडी साचा घडवला. दोन पाट, मध्ये बिजागरी, हातहातभर लांब दांडे. वजन असं की उघडायला एक माणूस लागे आणि मिटायला देवाचं नाव. मी तो एकदा पायावर पाडून घेतला आहे. तेव्हापासून पाऊस येणार असला की माझ्या अंगठ्याला आकाशवाणीच्या आधी कळतं.

पिठात मैदा घालायला भाऊ तयार नव्हते. धानाच्या मुलखात राहून मैदा खायचा? तांदूळ भिजवले, वाटले, थोडी उडदाची डाळ घातली. फळ म्हणून अंगणातली पपई. पहिलं वापल साच्याला असं चिकटलं की ते सोडवायला पुन्हा लोहाराला बोलवावं लागलं. भाऊ त्याला वापलच म्हणत, आणि आम्हीही मग तेच म्हणू लागलो.

दुसरा प्रयोग टेंभरांचा, म्हणजे तेंदूच्या फळांचा. पिकलेलं टेंभूर मधासारखं गोड, हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण चैत्र अजून लागायचा होता आणि भाऊंना धीर नव्हता. अर्धीकच्ची टेंभरं पिठात गेली. वहिनींना देण्याआधी चाचणी म्हणून त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना खाऊ घातली. सगळ्यांची तोंडं अशी आखडली, जिभा टाळूला अशा चिकटल्या, की आमच्या गल्लीत दोन दिवस एकही भांडण झालं नाही.

तिसऱ्या वेळी मोह आला. पपईच्या गरात मोहफुलं भिजवायची आणि तो गर पिठात कालवायचा. कल्पना उत्तम होती. वहिनींच्या माहेरी मोहफुलांची भाकर करत, म्हणजे ही चव त्यांच्या लहानपणीची. पण लेकीने फोनवर सांगितलं होतं, पीठ फुगलं पाहिजे. किती, ते सांगितलं नव्हतं. भाऊंनी स्वतःच ठरवलं, चार इंच. दुसऱ्या दिवशी मोजलं, अडीच. दुसरा कुणी असता तर साचा तापवला असता. भाऊंनी मापाच्या बाबतीत सरकारचंही ऐकलं नव्हतं, ते पिठाचं काय ऐकणार? मडकं फडक्याने बांधून चुलीजवळ उबेला ठेवलं. तिसरा दिवस गेला. चौथ्या सकाळी मडकं बुडबुडायला लागलं आणि वास निघाला. गल्ली, बाजार, बसस्टँड ओलांडून तो वैनगंगेपर्यंत पोचला. नदीच्या पलीकडच्या जिल्ह्यात दारू चालते, अलीकडे बंदी. असं म्हणतात की त्या सकाळी पलीकडे जायला निघालेले चौघे पुलावरूनच माघारी फिरले.

अशा गावात दारूबंदी मंडळ गप्प कसं बसेल?

भाऊ मडकं उचलून अंगणात आले. "पावणेपाच इंच," ते अभिमानाने म्हणाले. "बाई, हे दारू नाई. वापल आहे."

"वापल काय असते ते आमाले ठाऊक नाई," अध्यक्षबाई म्हणाल्या. "वास ठाऊक आहे."

लोक हसले. भाऊंनी अंगणातली चूल पेटवली, साचा चढवला, तुपाचा बोळा फिरवला, पीठ ओतलं. सगळ्या गावासमोर त्यांनी पहिलं वापल काढलं. खरं सांगतो, देखणं होतं. कडा लालसर, चौकड्या काटकोनात. त्यांनी ते थाळीत ठेवून पुढे केलं. खाऊन पाहा म्हणाले. एकही हात पुढे आला नाही. टेंभराची आठवण ताजी होती, मीसुद्धा कुंपणापलीकडे चपलेचा अंगठा दुरुस्त करण्यात गुंतलो.

शेवटी भाऊंनी स्वतःच तुकडा तोडून खाल्ला.

"पेणारा तं खाईनच," गर्दीतून कुणीतरी बोललं. आणि दुसरा म्हणाला, "भाऊ, चकणा कुठी आहे?"

आता हशा असा उठला की बसस्टँडवरचे कंडक्टर आपल्याला कुणी हाक मारली म्हणून बाहेर आले. हसणाऱ्यांत मी होतो की नाही, ते विचारू नका. साऱ्या उमरीत ज्याने एका ओंडक्याचं माप खोटं लिहिलं नाही, त्याला गाव दारू गाळणारा म्हणून हसत होतं. भाऊंनी थाळी खाली ठेवली. ते अध्यक्षबाईंच्या जवळ गेले आणि हळूच काहीतरी म्हणाले. मला कुंपणामुळे एवढंच ऐकू आलं, "...घरवाली जेवत नाई हो."

तेवढ्यात घराचं दार उघडलं. नागपूरहून परतल्यापासून तीन आठवडे उंबरठ्याबाहेर न आलेल्या वहिनी भिंतीला धरून बाहेर आल्या. पदर सारखा केला. थाळी उचलली, पायरीवर बसल्या आणि वापल खायला लागल्या. सगळ्या गावाने ते खाणं पाहिलं. घास तोडायच्या, चावायच्या, गिळायच्या. मध्ये एकदाही "पुरे" म्हणाल्या नाहीत. थाळी रिकामी झाल्यावर त्यांनी ती भाऊंपुढे धरली.

"आनखी एक टाका."

कुणी हसलं नाही. भाऊंच्या हातून साच्याचा दांडा दोनदा निसटला. दुसरं वापल आलं तेव्हा अध्यक्षबाई वहिनींशेजारी पायरीवर टेकल्या, त्यातला कोपरा मोडून तोंडात टाकला आणि बायांकडे वळून म्हणाल्या, "खायाचंच आहे." मग अकरा जणींनी चव घेतली. पुढे दर रविवारी मंडळाची बैठक भाऊंच्याच अंगणात भरू लागली, कारण मडक्यावर देखरेख ठेवणं हे आता मंडळाचं कर्तव्य होतं.

वहिनीही दर रविवारी एक संपवायच्या. रविवारचं बुधवारीही होऊ लागलं, मग वरणभात आला, भाजी आली. पावसाळा लागेपर्यंत भाऊ दंडाचा आकडा स्वतःहून सांगू लागले. न विचारता सांगू लागले. ऐकायला नको असेल त्यालाही सांगू लागले. मी ही गोष्ट जिवतीपासून सावलीपर्यंत गावोगावच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे. माझ्या सांगण्यात ते वापल आता परातीएवढं झालं आहे आणि त्याने बरे झालेले रोगी सतरा आहेत.

गेल्या वर्षी भाऊ गेले. दुपारचे जेवले, हात धुतले, खाटेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर एका सकाळी मी वहिनींकडे जाऊन बसलो. वापलाचाच विषय काढला. म्हटलं, वहिनी, त्या मोहाच्या वापलाची चव आमच्या कुणाच्या जिभेवरून काही जात नाही. तुम्हाला तर माहेरची आठवण झाली असेल, म्हणूनच भूक फिरून आली.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"तवा मले कायचीच चव लागत नोती, भाऊजी. लोक त्यायले हासून राह्यले होते."