बटणाखालचे ठिपके

थळच्या बंदरावरची ती मासेवाली एका हातात मासळी असते म्हणून दुसऱ्या हातात फोन धरते आणि त्याच हाताचा, कोयत्याने आखूड झालेला अंगठा पडद्यावर ठासून टेकवते. मासळीच्या ऑर्डरींचं ॲप मी बनवलेलं. तिचं 'घेतली' हे बटण दाबलंच जात नसे, म्हणून तिची गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडे जात. "मावशी, तुम्हाला जमायचं नाही," असं म्हणत मी ॲपमधून तिचं नाव काढून टाकायला निघालो, याची मला अजून लाज वाटते.

"दाबतंय मी. तुज्या यंत्राला इचार."

मी स्पर्शांची नोंद उघडली. बटणाच्या जरा खाली, एकाच जागी, लाल ठिपक्यांचा ढीग होता. एकही ऑर्डर तिने सोडली नव्हती.

"अंगठा न्हाय वाढाचा आता. बटन खाली घे."

"उद्या करतो, मावशी."

"आत्ता," म्हणत तिने डोक्यावरची पाटी उतरवली आणि माझ्यासमोर बसली.