मिलुतिनकाकाच्या खांद्यावरचा हात

काकाच्या थडग्यासाठी फोटो मी निवडला. त्याबद्दल अजून कुणी माझं कौतुक केलेलं नाही.

काका-काकूंना मूलबाळ नाही, त्यामुळे असली कामं पुतण्याच्या गळ्यात. स्तानिका काकूने एवढंच बजावलं होतं, "स्रेतेन, हसणारा फोटो बघ रे. घरातल्या सगळ्या फोटोंत तो दात उपटायला बसल्यासारखा दिसतो." खरंच होतं ते. शेवटी गॅरेजात, हत्यारांच्या पेटीच्या तळाशी एक सापडला. अर्धा कापलेला, पण त्यात काका असा मोकळा हसत होता की हा माणूस आपल्याच घरातला का, असं वाटावं. काकूला न दाखवता मी तो थेट पाथरवटाला नेऊन दिला.

आमच्याकडे नवरा गेला की काळ्या ग्रॅनाइटवर त्याच्याशेजारी बायकोचाही चेहरा कोरून घेतात. ती चालती-फिरती असली तरी. तिचं जन्मसाल, पुढे आडवी रेघ, रेघेपुढे मोकळी जागा. व्हिएन्नात वर्षानुवर्षं ऑफिसांच्या फरश्या पुसून काकूने जे साठवलं, ते त्या दगडात गेलं. स्वतःचा फोटो तिने केस सेट करून काढला होता. "कायमचं तिथेच राहायचंय, मग नीट नको दिसायला?"

झिवोता पाथरवट प्रामाणिक माणूस. फोटोत जे दिसेल ते कोरतो. काकाच्या मिशीतला एकेक केस त्याने कोरला. आणि काकाच्या खांद्यावर, कापायचा राहून गेलेला, एका बाईचा हात. वाकड्या करंगळीसकट.

सहा महिन्यांच्या विधीला काकूने दगडावरची चादर ओढली आणि पाद्रीबाबांची प्रार्थना मध्येच अडली. ती करंगळी सगळ्यांच्या ओळखीची. पोस्टाच्या खिडकीतली येल्का. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने पेन्शन त्याच हातातून घेतलेली. गावाला माहीत नव्हतं असं नाही. गावाकडे पुरावा नव्हता, तो मी पुरवला.

"अगं, ही तर आपली..." म्हातारा बोरिसाव सुरू झाला.

"गहू खा गपचूप," मृताच्या नावाने वाटलेल्या गोड गव्हाची वाटी पुढे करत त्याच्या बायकोने कोपर मारलं.

 काकू कुणाकडेच न बघता म्हणाली, "मी तिकडून दर महिन्याला पैसे धाडायचे. खिडकीतून ते त्याच्या हातात कोण ठेवायचं?"

गोड गहू सगळे फार मन लावून चावत होते.

नंतर काकूची पंचाईत अशी झाली की भांडायला समोर माणूसच नाही. "जिवंत असता तर भांडी फेकली असती. आता काय, मेणबत्तीवर ओरडू?" ती खुंटीवरच्या त्याच्या कोटाला शिव्या घालायची. सवयीने दोन कप कॉफी करायची आणि दुसरा कपही रागाने स्वतःच प्यायची.

एके दिवशी मला घेऊन ती झिवोताकडे गेली.

"हात पुसता येत नाही, वहिनी. ग्रॅनाइट आहे," तो म्हणाला. "झाकता येईल. वर कबुतर बसवू?"

"उद्या ते उडवून लावायला कोण येणार?"

"गुलाबाचा गुच्छ?"

"मला त्याने कधी फूल दिलं नाही, आणि तिच्या हातावर गुच्छ? माझा चेहरा घास."

"अहो, केस काय सुरेख आलेत!"

"घास म्हणते ना. मला आईजवळ पुरा. तिथे दाटी आहे, पण माणसं ओळखीची आहेत."

त्याने घासला. आता दगडावर काका हसतोय, खांद्यावर हात आहे, आणि बाजूला खरखरीत करडा चौकोन. तरी दर शनिवारी काकू फडकं घेऊन जातेच. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "दगड माझ्या पैशाचा आहे."

वर्षश्राद्धाला येल्का आली. काळे कपडे, हातात चीज भरून भाजलेल्या पोळीची ताटली. पुढचे लोक बाजूला सरकले, मागचे पुढे सरकले. काकूने तिला पायापासून वर न्याहाळलं आणि ओलं फडकं तिच्यासमोर धरलं.

"घे. बाकीचा मी पुसलाय. हात तुझा आहे, तू पूस."

येल्का पुसू लागली. वाकडी करंगळी वाकड्या करंगळीवरून फिरत होती. मग ती हुंदके देऊ लागली.

"दगडावर नको रडूस, डाग पडतात," काकू म्हणाली. ती स्वतः काकाच्या अंत्यविधीलाही रडली नव्हती. आता त्या करड्या चौकोनाकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले. त्यांच्यावर हात ठेवायला कुणी पुढे झालं नाही. मीही नाही.

ती चीजची पोळी शेवटी मीच खाल्ली. चांगली होती. ताटली मात्र काकूच्या कपाटावर पडून आहे.

"काकू, देऊन येऊ का?"

"रिकामी ताटली परत देतात का रे?"

"मग घाल की काहीतरी."

"तिच्यासाठी मी रांधू?"

शनिवारी फडकं घेऊन निघताना ती त्या ताटलीवरची धूळ पुसते आणि परत जागेवर ठेवते.