समोरचा तुटका दात

त्याचं नाव आठवत नाही, दात आठवतो. आम्हा दातांच्या डॉक्टरांचं असंच असतं.

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. त्याच्यावर धावून कोणी पगार मिळवतं, हे मला धाहरानमधल्या माझ्या दवाखान्यात कळलं. विशीतला उंच सौदी मुलगा आईसोबत आला होता. युरोपातल्या एका आइस हॉकी संघाने त्याला बचावपटू म्हणून घेतलं होतं. पहिलाच सीझन, आणि दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी मॉलमधल्या रिंकवर सराव करताना पक, म्हणजे त्या खेळातली रबरी चकती, तोंडावर बसली आणि समोरचा दात अर्धा तुटला.

खुर्चीतही तो पाठ टेकत नव्हता. हात पुढे धरून, कोणीतरी अंगावर धावून येतंय असा बसला होता.

"धार तेवढी घासून द्या," तो म्हणाला. "दात बसवायचा नाही."

"असं खिंडार घेऊन जाणार?" आई वैतागली. "डॉक्टर, तुम्ही बसवाच."

मलाही रागच आला. तासाभराचं तर काम!

"बसवला तर मी त्याला जपत बसेन," तो म्हणाला. "मग पकला आडवं कोण जाणार? माझं कामच ते आहे."

मी धार घासून दिली. तो उठायला लागला, तसं आईने खांदा दाबून त्याला परत बसवलं.

"खलास, झालं तर, तो दात राहू दे," ती मला म्हणाली. "पण उरलेले पक्के आहेत का, एकेक करून बघा."