उकळलेलं पाणी

हातपंपाला आम्ही मारलेला लाल रंग कोणीतरी शेणानं सारवून टाकला होता. पंप सुरूच होता. दोन बाया हंडे भरत होत्या.

मानोरा गावाजवळच्या त्या तांड्यावर मी पंधरा दिवसांपूर्वीच येऊन गेले होते. मी भूजल तपासणारी शास्त्रज्ञ. विहिरी-बोअरचं पाणी लॅबमध्ये तपासायचं आणि रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. या पंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं होतं, म्हणून 'हे पाणी पिऊ नका' अशी खूण म्हणून त्याला लाल रंग मारला होता. हा खडकातून पाण्यात उतरणारा क्षार. थोडा असला तर चालतो. जास्त असला तर लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षं पोटात गेला तर हाडं आखडतात. शाळेत सभा घेऊन हे सगळं मी स्लाइडवर दाखवलं होतं. ग्राफसुद्धा होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"पुन्हा रंग मारा आणि ग्रामपंचायतीला पत्र द्या," ते म्हणाले. "लोक ऐकत नाहीत, तुम्ही काय करणार?"

फोन ठेवते तोच समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. सेवंताबाई. पंप तिच्या अगदी दारात.

"मीनंच सारवला," ती म्हणाली. "नातीले पाह्याले पाव्हने येनार व्हते. दारात लाल रंग पाह्यला त काय म्हनतीन? या घरात रोग हाय म्हनतीन. सोयरीक मोडली असती त तुमी जोडून देनार व्हत्या का?"

पाहुणे येऊन गेले होते, होकारही आला होता. तिनं मला ओट्यावर बसवलं, तांब्या पुढे केला.

"प्या, मॅडम. भेऊ नका. उकळलेलं हाय."

"उकळलेलं? कशाला?"

"घ्या! तुमीच त सांगतलं, पानी दूषित हाय. तवापासून लेकरायले उकळूनच देऊन राह्यली. सारा तांडाच उकळते."

मी तांब्या खाली ठेवला. उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड मरत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार तेवढाच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण आणखी वाढतं. 'दूषित' म्हटलं की उकळायचं, हे दवाखान्याच्या नर्सबाईनं त्यांना जुलाबाच्या साथीत शिकवलं होतं, आणि बरोबरच शिकवलं होतं. चुकीचा शब्द माझा होता.

मी ते सांगितलं. सेवंताबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजे मी लेकरायले जास्त पाजलं?"

"पंधरा दिवसांत काही होत नाही, आजी. हे वर्षांचं दुखणं आहे. आणि चूक माझी आहे, तुमची नाही."

गाडीतून तपासणीचं किट आणलं. त्यातला गुलाबी थेंब टाकला की चांगलं पाणी गुलाबीच राहतं, फ्लोराइड जास्त असेल तर पिवळं पडतं. तांड्यात पंप दोन. दोन्हींचं पाणी मागवलं आणि थेंब सेवंताबाईलाच टाकायला लावले. तांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या पंपाचं पाणी गुलाबी राहिलं. तिच्या दारातलं पिवळं पडलं. जमलेल्या बाया वाकून पाहायला लागल्या.

"हे कोनी टाकलं त्याच्यात?" एकीनं विचारलं.

मी खडकांचे थर सांगायला लागले. सेवंताबाईनं मला मधेच थांबवलं.

"लोखंडाच्या कढईत रातभर भाजी ठेवली का काळी पडते, तसं? पानी गोट्यात लय दिवस राह्यलं?"

"अगदी तसंच."

"मंग यात घरच्याचा काय दोष?" असं म्हणून तिनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

आंघोळ चालते का, धुणं चालतं का, हे त्यांनी विचारलं. चालतं. सभेत मी हे सांगितलंच नव्हतं. जनावरांना चालतं का, विचारलं. ते मला नक्की माहीत नव्हतं. विचारून कळवते म्हटलं.

लाल रंग नियमात आहे, साहेबांनी त्याचा आग्रह सोडला नाही. पण पंपाशेजारी फलक लावायला परवानगी दिली. मजकूर बायांनीच ठरवला: 'हे पानी आंघोळीले, धुन्याले चालते. पेवाले आन् सयपाकाले नाही. उकळूनही नाही. दोष गोट्याचा हाय.' लॅबमधल्या सहकाऱ्याला शुद्धलेखन सुधारायचं होतं. मी सुधारू दिलं नाही.

महिन्याभरानं गेले तेव्हा प्यायचे हंडे दुसऱ्या टोकाहून येत होते. सगळ्यांचे नाही. दोन घरं अजून तेच पाणी पीत होती. त्यांच्याकडे पुन्हा गेले.

आता सभा संपली की मी एखाद्या बाईला उठवते आणि म्हणते, मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. बहुतेक वेळा मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.