बांधापलीकडचा वानोळा

शनिवारी संध्याकाळी काका शहरात आले की आमच्या बजाजनगरच्या घरी एक डबा येतो. मोठा, स्टीलचा, कडीचा. झाकणावर काकूचं नाव कोरलेलं. त्यात वानोळा असतो. शेतात जे ताजं निघालं ते आधी जवळच्या माणसांना चाखायला पाठवायचं, ही आमच्याकडची रीत. डबा काकांच्या हातून आला तरी त्यातलं सगळं माझ्या चुलत बहिणीच्या बागेतलं असतं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मी तिला ताई म्हणते.

आई झाकण उघडते तेव्हा मी मुद्दाम मोबाईलमध्ये बघते. तरी वास येतोच. कधी हादग्याची फुलं, कधी शेवग्याचा कोवळा पाला, चुका, अळू, ओलं आलं, चार पिकली अंजिरं. मागच्या शनिवारचं या शनिवारी नसतं. बाबा कंपनीतून आले की टीव्हीशीसुद्धा बोलत नाहीत. पण अंजीर नाकाशी धरून ते म्हणतात, "पोरीच्या हाताला गुण आहे."

ही पोरगी म्हणजे मी नव्हे.

डबा घासायचं काम माझं. घासून पुसून झाला की खरी अडचण सुरू होते, कारण वानोळ्याचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत. आई त्यात मूठभर साखर टाकते. क्वचित गुलमंडीतून आणलेला चिवडा. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी साखर टाकावी, त्यात काही वाईट नाही. पण आमच्याकडे काकांच्या इतकंच शेत आहे. एकच बांध मध्ये.

वाटणी झाली तेव्हा विहिरीकडची काळी जमीन बाबांच्या वाट्याला आली आणि टेकडीकडची मुरमाड काकांच्या. आमच्यात मोसंबी लागली. सरळ ओळी, झाडाखाली एक काडी दिसणार नाही अशी जमीन. बाबा दर पावसाळ्यात माणूस लावून तणनाशक मारून घेतात. फळं झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला दिली जाते, आणि एकदा दिली की त्यातलं एक मोसंबंसुद्धा आपण तोडायचं नसतं. त्यामुळे आमच्या शेतातून आमच्या घरी कधीच काही येत नाही. लहानपणी मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

ताई पुण्याची नोकरी सोडून आली आणि तिनं त्या मुरमाड जमिनीत सगळं एकत्र लावायला सुरुवात केली. आंबा आणि जांभूळ उंच वाढणार म्हणून लांब लांब. त्यांच्यामध्ये सीताफळ, अंजीर, शेवगा. त्याखाली करवंद, लिंबू, कढीपत्ता. त्याच्याही खाली हळद, आलं, अळू, रताळी. झाडांवर चढवलेले दोडके आणि वाल. तणाला तिनं हात लावला नाही, कारण त्यातलं निम्मं तिच्या मते भाजी होतं. पालापाचोळा पेटवायचा नाही, जिथल्या तिथं कुजू द्यायचा. पहिली दोन-तीन वर्षं सगळा गाव हसला. "शेत हाय का रान?" असं लोक काकांना पारावर विचारायचे. काका म्हणायचे, "तिलाच इचारा. मी नुसता पाणी द्यायला हाय."

त्या वर्षांत मला ताई फार आवडायची.

मग बाग वाढली. उन्हाळ्यात गेले तर आमच्या मोसंबीखाली जमीन चपलेतूनसुद्धा भाजायची आणि बांध ओलांडला की अंगावर सावली यायची. आत शिरलं की आवाज बदलायचा. सातभाई पक्षी पाला उलटसुलट करत भांडत असायचे. कुठेतरी भारद्वाज घुमायचा. शेवग्याच्या फुलांवर माश्यांची नुसती गुणगुण. आमच्या बाजूला फक्त विहिरीवरच्या मोटारीचा आवाज.

मी तिथे दोष शोधायला जायचे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी कमी बोलते. शाळेपासून सगळं इंग्रजीत झाल्यामुळे गावात तोंड उघडलं की माझं मराठी पुस्तकातून वाचल्यासारखं येतं आणि पोरं हसतात. त्यामुळे मी बघत राहते. मला दिसलं की पपईची पानं आकसली आहेत. वरची जांभळं तोडता येत नाहीत. पेरू पोपटांनी कोरलेत. एकदा मी धीर करून ते बोलूनही दाखवलं.

"पोपट खूप नुकसान करतात ना गं?"

"करू दे की मॅडम," ती म्हणाली. ती मला मॅडम म्हणते. "वरचं त्यांचं, हाताला येतं ते आपलं. लई झालं तेवढं."

या उत्तराचाही मला राग आला. असं उत्तर मला सुचलं नसतं.

शहरातून माणसं गाड्या घेऊन तिची बाग बघायला येतात. ती त्यांच्यासमोर पाला हातात घेऊन तो कसा मातीत मुरतो ते सांगते, मध्येच शिवी हासडते, हसवते. मी मागे उभी. कुणीतरी विचारतं, तुम्ही पण यांच्यातल्याच का? मी नुसती मान डोलावते.

यंदाच्या उन्हाळ्यात तर हद्द झाली. गरम वाऱ्यानं आमची मोसंबी गळाली, तेव्हा बांधालगतच्या ओळीखाली मात्र फळं फारशी पडली नव्हती. बाबांनी ते मला बोट करून दाखवलं. "हिची झाडं वारा अडवतात. आणि तिकडची पाखरं इकडं येऊन अळ्या खातात." म्हणजे आमच्या झाडावर जी फळं टिकली होती, ती पण तिच्यामुळेच.

पाऊसकाळात एका रविवारी आम्ही तिघं गावी गेलो. काकूनं तांदुळजाची भाजी आणि भाकरी केली होती. ओसरीवर जेवताना बाबा ताईला म्हणाले, "पुढच्या साली मी रिटायर होतोय. मोसंबी पण म्हातारी झाली. आमचं पण तूच बघ. लाव तुझ्या पद्धतीनं."

काकूचा हात भाकरीवर थांबला. आईला आनंद झालेला दिसला. मला पहिल्यांदा कळलं की बाबांनी आमच्या शेताचा विचार करताना माझा विचारच केलेला नाही. मी कधी मागितलं नव्हतं हे खरं. पण जे मागितलं नाही ते हवं नसतं असं कोण म्हणालं?

ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती बाबांना म्हणाली, "मॅडमला इचारा की, काका. तिचं बी हाय ते."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडात घास होता. तो मी चावतच राहिले.

"तिला कुठं कळतं त्यातलं?" बाबा म्हणाले. "ऊन लागलं की डोकं धरते."

सगळे हसले. मीही हसले. निघताना काकूनं डबा दिला, आणि घरी येईपर्यंत तो माझ्या मांडीवर होता.

तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात स्क्रीनसमोर बसून मी मनातल्या मनात बाबांना उत्तरं देत होते. सगळी इंग्रजीत, सगळी फार चांगली. घरी आल्यावर त्यातलं एकही बाहेर येत नव्हतं. शनिवारी काका येणार नव्हते. रविवारी सकाळी आईनं डब्यात साखर टाकली. मी ती परत साखरेच्या बरणीत ओतली आणि म्हणाले, "डबा मी देऊन येते."

"एकटी?"

"स्कूटीवर."

रिकामा डबा घेऊन मी आधी आमच्याच शेतात शिरले. तो कशानं भरणार याचा मी काहीच विचार केला नव्हता. मोसंबी व्यापाऱ्याची. ओळींतून चालत गेले. तण मेलेलं, तपकिरी, पायाखाली चुरचुरणारं. शेवटची ओळ संपली आणि बांधाजवळ तारेचं कुंपण आलं. तिथपर्यंत फवारणीवाल्याची नळी पोचत नसावी, कारण तिथे हिरवं होतं. गुडघ्याइतका तांदुळजा. त्यात सीताफळाचं एक रोप, कुणी न लावलेलं. आणि तारेवर एक वेल चढला होता. त्याला बोराहून मोठी, हिरवी, काटेरी वाटणारी पण हाताला न टोचणारी फळं.

कर्टुली. ही भाजी मी ओळखते. पावसाळ्यात मुकुंदवाडीच्या बाजारात आई तिच्यासाठी दोन दुकानं जास्त फिरते. मी तारेला धरून, चिखलात बसून, पानं उचलून उचलून तोडली. वरची काही ठेवली. ती का ठेवली ते नंतर लक्षात आलं आणि मी स्वतःवरच चिडले, कारण ते ताईचं वाक्य होतं.

डबा भरला नाही, पण तळ दिसेना इतपत झाला.

ताई हळदीत वाकलेली होती. मी डबा पुढे केला. तिनं सवयीनं झाकण उघडलं, साखर असेल असं समजून, आणि तशीच राहिली.

"कुठनं घेतलीस?"

"विकत घेतली नाहीत. आमच्या शेतातली आहेत."

"आमच्या" हा शब्द मी तिच्यासमोर असा कधी वापरला नव्हता.

"आई!" तिनं बागेच्या कडेच्या घराकडे तोंड करून हाक मारली. "अगं, हिच्याकडं कर्टुली लागली! आन् आपल्याकडं एक नाय!" मग मला, "औंदा माझ्याकडं नुसते नर वेल आलेत. फुलं बघ किती, फळ एक नाय. कर्टुल्याचं तसंच असतं, नराचा वेल येगळा, मादीचा येगळा. रोज बघून जीव जळतोय माझा."

तिचा जीव जळत होता. मी ते वाक्य जपून ठेवलं.

"पण थांब," ती म्हणाली. "तुझ्याकडं नर कुठंय? माझ्या नरावरचे किडे तुझ्याकडं आले असतील, म्हणून तुला फळ लागलं. बी पण माझंच असंल, पाखरानं टाकलेलं."

"असेल," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते. "पण उगवलं आमच्यात."

काकू दारातून हसली. "अगं, मंग सोयरिक झाली की दोन्ही शेतांची! मुलाकडचे आमी, मुलीकडची ती. मानपान कुणी करायचा ते ठरवा."

ताई हसली नाही. ती डब्याकडे बघत होती. "तुझ्या बाबांना सांग," ती हळू म्हणाली. "मी तुमचं नाय बघनार. माझंच मला पुरं होतं."

"मीच सांगणार आहे," मी म्हणाले.

संध्याकाळी बाबा चहा पीत होते. मी उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर राहून गेलं असतं. "शेत ताईला देऊ नका. बांधाजवळच्या दोन ओळी मला द्या. तिथे फवारायचं नाही. बाकीचं नंतर बघू."

"तुला जमणार?"

"माहीत नाही."

बाबांनी कप खाली ठेवला. मग फवारणीवाल्याला फोन लावला आणि बांधाकडच्या दोन ओळी सोड म्हणाले. का म्हणून असं त्यानं विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "पोरीचं आहे तिथलं." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

पुढच्या रविवारी वेलावर पुन्हा फळं आली होती. खाली तांदुळजा फुटला होता, तोही खुडला. या वेळी काकूचा नाही, आईचं नाव कोरलेला आमचा डबा भरून मी काकांच्या घरी दिला. आमच्याकडून तिकडे गेलेला पहिला वानोळा.

शनिवारी काकांनी तो परत आणला. हलका लागला. मी झाकण उघडलं. आत मूठभर साखर होती.

ताईकडे त्या आठवड्यात काय नव्हतं? अळू होतं, शेवगा होता, आलं होतं. काहीही भरून पाठवता आलं असतं. तिनं साखर पाठवली, आजवर आम्ही पाठवत आलो तशी; या वेळचा वानोळा फक्त माझा राहू दिला. असं करावं हे तिला कसं सुचतं, याचा मला परत हेवा वाटला. साखर मी बरणीत मिसळली नाही. वाटीत वेगळी ठेवली आणि आठवडाभर माझ्याच चहात घातली.