उंबऱ्यापासून पाटापर्यंत

लेन्स मी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. चूक माझी होती हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी मला सांगायला नको. पावसाळ्यात आमच्याकडं भिंतीसुद्धा ओल धरतात, आणि काचेला एकदा बुरशी लागली की लेन्स कामातून जाते. पाण्यात पडलेला मोबाइल लोक तांदळात पुरून ठेवतात हे मी ऐकलं होतं. म्हणून कॅमेऱ्याबरोबर आलेली एकुलती एक लेन्स फडक्यात गुंडाळून डब्यात पुरली. त्या तांदळाला किडे लागू नयेत म्हणून मीच बोरिक पावडर चोळली होती, ते तेव्हा डोक्यात आलं नाही. पाऊस संपल्यावर बाहेर काढली तर कडं फिरवताना करकर वाजायला लागली.

तशीच पडून राहिली, आणि उन्हाळ्यात शाहूपुरीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात नेली. दुकानदार पन्नाशीचा आहे, मला मालकांच्या वेळेपासून ओळखतो. मालक म्हणजे माझे यजमान. त्यानं लेन्स कानाजवळ धरून फिरवली, मग उजेडात बघितली.

"काकी, ह्याचा भात लावायचा हुता काय?"

"दुरुस्त होईल का तेवढं सांग."

"आत सगळी पावडर गेलीया. उघडून साफ करत बसण्यापरास दुसरी घ्या. पण कशाला पायजे? आता कॅमेऱ्यानं कोण फोटो काढतंय?"

"मी काढते," म्हटलं आणि त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले.

माझी शाळा चौथीपर्यंत. फोटो काढायला मालकांनी शिकवलं, तेही त्यांची अडचण होती म्हणून. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात आणि मी मागच्या दोन खोल्यांत राहते. लग्नाच्या ऑर्डरी यायला लागल्या तेव्हा बायकांच्या हळदीत पुरुष फोटोवाला नको असायचा. म्हणून ते मला नेऊ लागले. हळूहळू बायकांची बाजू सगळी माझ्याकडं आली.

माझी एक पद्धत होती. आधी कॅमेरा उचलायचा नाही. नवरीजवळ जायचं, पदर सारखा करायचा, गालावरचे केस कानामागं घ्यायचे, हनुवटीला बोट लावून मान वर करायची आणि काहीतरी बोलायचं. ती हसली की मागं सरकून फोटो. मालकांना यातलं काही करता आलं नसतं. परक्या बाईच्या पदराला ते कसा हात लावणार? ते उजेड बघायचे, मी माणसं बघायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही, तेव्हा घरी थांबायला लागायचं असंही काही नव्हतं.

मालक गेल्यावर पहिल्याच हळदीला घरच्या बाईनं मला दारात थांबवलं. "काकी, तुम्ही हितनंच काढा की," म्हणाली. विधवा बाईनं हळदीच्या पाटाजवळ जायचं नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः तरुणपणी अशा बायकांना "जरा बाजूला सरका" म्हटलेलं आहे, त्या फोटोत येऊ नयेत म्हणून. त्यामुळं मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं. मी दारातून काढले. नवरी बोटाएवढी आली आणि पुढं सगळ्या पाठी. फोटो चांगले नव्हते, पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. दुसऱ्या दोन-तीन घरी तेच झालं. मग कुणीच बोलावेनासं झालं. बोलायला माणूस नसलं की आवाज बसतो. दूधवाल्याला हाक मारताना घोगरा आवाज आला की मला कळायचं, काल दिवसभर आपण बोललोच नाही.

अशात धाकट्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. ती पुण्यात नोकरी करते. लग्न ठरलं होतं, मलकापूरला आईच्या घरी.

"मावशी, हळदीचे फोटो तूच काढायचेस. मी दुसरं कुणी सांगितलेलं नाही."

मी हो म्हटलं. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. बहीण मला अक्का म्हणते.

"अक्का, तू येणारच की. पण त्यांच्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन येणार, आणि त्या लोकांत लई बघतात गं असलं. आता लांबनं काढायच्या लेन्सा मिळतात म्हणं. तसली एक घेतलीस तर?"

"म्हणजे दारातून काढू?"

"मी कुठं तसं म्हटलं? लांबनं म्हटलं."

आईविना घरात हिला मी कडेवर घेऊन वाढवलंय. तिला सरळ बोलता येत नाही हे मला नवीन नव्हतं. पण भाचीची हळद मला सोडायची नव्हती. दुसऱ्या कुणी नाही बोलावलं तरी चाललं असतं, पण भाचीनं स्वतः बोलावलं होतं. म्हणून मी दुकानात स्टुलावर बसले होते.

दुकानदारानं तीन लेन्स काचेवर मांडल्या. पहिली कॅमेऱ्याच्याच कंपनीची. ती त्यानं नुसती दाखवायला काढली होती, मी हातही लावला नाही. उरलेल्या दोन दुसऱ्या कंपन्यांच्या, पण आमच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या. एक लांबची, सत्तर-तीनशे मिलिमीटर. एक जवळची, सतरा-पन्नास, वापरलेली.

"आधी मोटर बघ," मी म्हटलं. मालकांचा कॅमेरा त्या कंपनीचा सगळ्यात साधा. त्याच्या अंगात फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. दुसऱ्या कंपनीची घेताना लोक हे विसरतात आणि घरी जाऊन डोक्याला हात लावतात.

"काकी, तुम्हाला फसवायची सोय न्हाई. दोन्हीत हाय मोटर. पण किती लांबनं काढणार ते सांगा."

"दारापासून पाटापर्यंत."

"म्हणजे दहा-बारा पावलं. आणि मांडवात?"

"घरातल्या सोप्यात."

"मग लांबची कशाला? सोप्यात अंधार असतोय. ही पुढं ओढली की आणखी अंधार. हात जरा हलला की नवरीला चार डोळे. जवळची घ्या, उजेड भरपूर पितीया."

"जवळ जाता येत नाही."

त्यानं माझ्या रिकाम्या कपाळाकडं बघितलं. मग म्हणाला, "लांबची लावून बघा तर."

दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी रस्त्यापलीकडच्या केळीवाल्यावर कॅमेरा धरला. सवयीनं कडं फिरवलं तर केळीवाला जवळ यायच्या ऐवजी लांब गेला. या कंपनीची कडी उलटी फिरतात. तीस वर्षं हाताला लागलेलं वळण उलटं करायचं होतं. दुसऱ्या बाजूनं फिरवलं तसा तो एकदम पुढ्यात आला. कानात काडी घालत होता. त्याच्या कानावरचे केससुद्धा मी मोजले असते. त्याला पत्ता नव्हता. मजा वाटली, आणि कसंतरीही वाटलं.

लांबचीच घेतली. बहिणीनं सांगितलं होतं, म्हणून घेतली.

लग्नाला वेळ होता, तेवढ्यात हात बसवायचा होता. रोज दुपारी गच्चीवर जाऊन समोरच्या बिल्डिंगवर सराव करायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं कुरडया घातल्या होत्या. तिची सासू खुर्चीत बसून सारख्या सूचना करायची, ती तोंड फिरवून जीभ दाखवायची. दुसऱ्या खिडकीत एक माणूस जेवताना ताटातली मिरची बाजूला काढायचा. आठ दिवसांत मला त्या बिल्डिंगीतलं सगळं कळायला लागलं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाच्या घरी कालचीच भाजी आहे. खाली रस्त्यात ती माणसं माझ्या शेजारून जायची तेव्हा माझ्या तोंडावर ओळख यायची आणि त्यांच्या तोंडावर काहीच नाही. फोटो चांगले येत होते. हातही वळला होता. पण एकाही फोटोत कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

नवव्या की दहाव्या दिवशी कुरडईवालीनं मला पकडलं.

"ओ आज्जी! काय बघताय हिकडं?"

"फोटो काढतेय."

"कुणाचा?"

"तुझाच."

"मला इचारलासा काय? वय काय तुमचं, धंदे काय तुमचे! आमच्या मालकांना सांगू काय?"

मी खाली उतरले, रस्ता ओलांडला, तिचे तीन जिने चढले आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. "पुसून टाक," म्हटलं. ती चिडलेली होती, पण बघत गेली. जीभ काढलेल्या फोटोपाशी थांबली. मागं बघितलं, सासू आत होती. "हा तर आधी पुसा," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग म्हणाली, "काढायचाच तर सांगून काढा की. मी चांगलं पातळ नेसले असते." तिचा पदर खांद्यावरून घसरला होता. माझा हात आपोआप पुढं झाला आणि मी तो सारखा केला. तिनं करू दिला. या लेन्सनं तिचा फोटो तिथून घेता येईना, इतकी ती जवळ होती. मी भिंतीला पाठ लावली तरी फक्त नाक येत होतं.

तिथंच ठरलं. मला दारातून फोटो काढता येत नव्हते ते लेन्समुळं नव्हतं. माझं काम हाताचं होतं, आणि हात दारातून पाटापर्यंत पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी लेन्स परत घेऊन गेले.

"पावडर तर लावली न्हाई न्हवं?" दुकानदार म्हणाला.

"जवळची दे."

"आता जवळ जायला मिळणार काय?"

"ते मी बघते. तू लेन्स दे."

"आता ही परत घेणार न्हाई हं काकी. न्हाईतर उद्या म्हणाल, मधली दे."

घरी येऊन बहिणीला फोन लावला. लपवून जाणं मला जमणारं नव्हतं. "लांबची लेन्स परत दिली. जवळची आणली आहे. पाटाजवळ येऊन काढायचे असतील तर येते. नसतील तर आत्ताच सांग, दुसरा फोटोवाला बघायला तुला वेळ मिळेल."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. "अक्का, तू मला असं कात्रीत नको धरूस."

"मी विचारतेय फक्त."

"पोरगी ऐकायची न्हाई दुसरं कोण आणलं तर."

"तुझं सांग."

"ये," म्हणाली आणि फोन ठेवला. ये म्हणजे कुठपर्यंत ये, ते बोललीच नाही. मीही पुन्हा फोन केला नाही. विचारलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं, हे मला माहीत होतं.

हळदीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मलकापूरला गेले. उष्टी हळद घेऊन मुलाकडच्या सात-आठ बायका आल्या होत्या. सोप्यात पाट मांडलेला, भाची त्यावर बसलेली. मी चप्पल काढली, उंबरा ओलांडला आणि सरळ तिच्यासमोर जाऊन बसले. बोलणं बंद झालं. मुलाची आत्या हळदीची वाटी धरून उभी होती, तिनं वाटी जरा मागं घेतली.

"फोटोवाल्या कोण ह्या?" तिनं बहिणीला विचारलं.

बहीण भाचीच्या मागं जाऊन उभी राहिली. भाची बोलली. "माझी मावशी. मावशी, पदर बघ की गं, सारखा निसटतोय."

मी पदर सारखा केला. केस मागं घेतले. हनुवटीला बोट लावलं, बोटाला हळद लागली. तिच्या कानात म्हटलं, "तुझ्या आत्यासासूनं वाटी अशी धरलीय, मी पिऊन टाकीन म्हणून." ती खदखदा हसली. मी मागं सरकले आणि काढला. मग पुढचे काढत गेले. सोप्यात अंधारच होता, पण लेन्सनं उजेड घेतला. थोड्या वेळानं बायकांचं बोलणं परत सुरू झालं. आत्याबाईंनीही हळद लावली, फक्त लावताना माझा कॅमेरा खाली जाईपर्यंत थांबल्या. त्यांचा फोटो नाही. तो त्यांचा हक्क.

बहीण दिवसभर कामात होती. माझं ताट तिनं शेजारणीच्या हातानं पाठवलं. निघताना मी आत जाऊन "जाते" म्हटलं, तर ती डब्यात लाडू भरत होती. "थांब, तुला पण देते," म्हणाली, पण तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून गेली. एसटी चुकली असती, लग्नाला न थांबता मी निघाले.

फोटो घरी बघितले. एक फोटो बाकी सगळ्यांपेक्षा चांगला आहे. भाची सरळ माझ्याकडं बघून हसतेय, हनुवटीला हळद, पदर नीट. तिच्या मागं तिची आई उभी आहे. तिचा हात अर्धा वर उचललेला आहे, मला थांबवायला. तेव्हा मला तो दिसला नव्हता. कडेचा भाग कापला तर हात सहज जातो, पुढच्या खोलीतल्या मोबाइलवाल्यानं एका मिनिटात करून दिलं असतं.

मी कापला नाही. आहे तसा दोघींना पाठवला. भाचीनं लगेच फोन केला, खूप बोलली. बहिणीकडं दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिनं बघितला. काही लिहिलं नाही. लग्न होऊन महिना झाला. मी फोन केलेला नाही, तिचा आलेला नाही.