एकटीचा मुहूर्त

ओल्या लोकरी कोटांचा वास त्या लहानशा सभागृहात दाटला होता. डब्लिनमधली रविवारची दुपार, प्रेक्षक आम्ही मोजून नऊ, आणि चित्रपट संपल्यावर आमच्यासमोर अवघडून बसलेले त्याचे वृद्ध कोरियन दिग्दर्शक.

आयुष्याची वीस वर्षे त्यांनी सोलच्या एका तळघरात नाटके बसवली. नट एकेक करून मालिकांकडे गेले, तळघराला कुलूप लागले, तेव्हा त्यांनी कॅमेरा हाती घेतला. कुठलीही कुरकुर न करता ते सांगत होते, दुभाषी मुलगी ते इंग्रजीत आणत होती. त्यांच्याकडे कामाच्या आरंभी एक विधी असतो: टेबलावर डुकराचे डोके, तांदळाच्या वड्या, मद्य मांडायचे आणि साऱ्यांनी पाळीपाळीने लवून नमस्कार करायचा. या चित्रपटाच्या वेळी मात्र सोबतीला कुणीच उरले नव्हते. मग काय केलेत, असे कुणीतरी विचारलेच. ते म्हणाले, कुणाला तरी आधी वाकावे लागते, म्हणून मी एकटाच वाकलो.

मला पुण्यातल्या आमच्या तालमी आठवल्या. मुहूर्ताचा नारळ आम्हीही फोडत असू, पण सगळे जमल्याशिवाय नाही. एखादा पेट्रोल भरायला गेला असला तरी त्याच्यासाठी खोळंबायचे. नोकरीसाठी इथे आले त्याला अकरा वर्षे झाली, तेव्हापासून एकही नाटक बसवलेले नाही. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या शुभाताईंनी गणपतीसाठी एकांकिका बसवायला सांगितली आणि मी हुरळून नारळ घेऊन आले. पण कुणाची शिफ्ट, कुणाच्या मुलीची मॅच. दोन्ही रविवारी तालमीला मी आणि नारळ, दोघेच. किती एकटे वाटले होते तेव्हा! आज ताईंना नकार कळवायचा, असे ठरवूनच मी घराबाहेर पडले होते.

ॲडम्सटाउनला घरी परतले, कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, नारळ काढला आणि मागच्या पायरीवर आपटला. कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांनी विचारले, "यू ग्रँड देअर, लव्ह?" मी "ग्रँड", म्हणजे अगदी ठीक, म्हटले आणि त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

आत येऊन सोफा भिंतीला सरकवला. रिकाम्या जागेला वाकून नमस्कार केला, तेव्हा अंगातल्या कोटाला तोच ओला वास येत होता. एकांकिकेतल्या चारही पात्रांची पहिली वाक्ये मीच मोठ्याने म्हटली. मग शुभाताईंना लिहिले: तालीम सुरू झाली आहे.